श्वानांच्या जाती आणि त्यांची कामे

माणसाने माणसाळविलेल्या प्राण्यांत कुत्रा हा सर्वांत जुना होय. गाय, बैल, शेळी, मेंढी, घोडा हे सारे त्याच्या मागून आले. शेतीचा शोध लागण्यापूर्वी, माणूस शिकारीवर आणि कंदमुळांवर जगत होता त्या काळातच लांडग्याच्या कुळातील हा प्राणी त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकॅसल येथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसांच्या सांगाड्यांसमवेत कुत्र्याचे अवशेष सापडले आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली मिळालेल्या प्राचीन ब्राँझमूर्तींपैकी बैलजोडीच्या रथावर सारथ्यापुढे कुत्र्याची छोटी आकृती उभी आहे. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे, दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत. सातारचे छत्रपती शाहू महाराज यांचे प्राण वाघाच्या शिकारीत ज्याने वाचविले असे सांगतात, त्या त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे दाखवितात. माणसाच्या संसारात कुत्र्याचे स्थान किती जुने आहे, याची ही साक्ष होय.

आज ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या एखाद्या रस्त्यावर सकाळी पाहिले तर या प्राण्याची नाना रूपे एका दृष्टिक्षेपात दिसतात. साखळीला बांधलेला धिप्पाड जर्मन शेफर्ड, झुबकेदार केसांचा पांढरा स्पिट्झ, चपट्या नाकाचा पग, बर्फाळ प्रदेशातून आलेला हस्की आणि या सर्वांकडे शांतपणे पाहत चहाच्या टपरीशेजारी पहुडलेला तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. एकाच प्राण्याची ही इतकी रूपे का झाली? प्रत्येक रूप कोणत्या कामासाठी घडले? आणि ते काम उरले नाही तर काय होते? हे प्रश्न केवळ हौशी माणसांचे नाहीत. सार्वजनिक आरोग्य, नागरी शिस्त आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या संस्थांची कर्तव्ये यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

जात म्हणजे काय?

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने जगातील सर्व कुत्री एकाच प्रजातीची आहेत. तीन किलोहून कमी वजनाचा चिवावा आणि सत्तर-ऐंशी किलोंचा मॅस्टिफ यांच्यात दिसायला जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी दोघांचे मूळ एकच. हे अंतर निसर्गाने पाडलेले नसून माणसाने निवडीने पाडलेले आहे. मेंढपाळाने कळप वळविणाऱ्या कुत्र्याची पिले राखली, शिकाऱ्याने वेगवान कुत्र्याची राखली, घरमालकाने सावध कुत्र्याची राखली. पिढ्यान् पिढ्या अशी निवड होत गेली आणि विशिष्ट बांध्याची, विशिष्ट स्वभावाची कुळे तयार झाली.

आनुवंशशास्त्राने या प्रक्रियेवर अलीकडे चांगला प्रकाश टाकला आहे. लहान चणीच्या कुत्र्यांचा आकार ठरविण्यात एका वाढकारक जनुकाचा मोठा वाटा असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. आखूड पायांच्या जातींमागेही अशाच एका जनुकीय बदलाचे कारण आढळले. म्हणजे थोड्याशा बदलांनी शरीराची ठेवण पार बदलू शकते. स्वभावाचे मात्र तसे नाही. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, कुत्र्यांच्या वर्तनातील भिन्नतेपैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास भिन्नता जातीवरून स्पष्ट होते. उरलेल्या भागात संगोपन, शिकवण, अनुभव आणि त्या त्या प्राण्याची स्वतःची प्रकृती यांचा वाटा येतो. 'अमुक जात म्हणजे हिंस्र' आणि 'अमुक जात म्हणजे निरुपद्रवी' असे सरसकट म्हणता येत नाही, हे या निष्कर्षावरून लक्षात येईल.

जातींच्या काटेकोर नोंदी ठेवण्याची प्रथा मात्र फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १८५९ साली कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये तेथील केनेल क्लब स्थापन झाला. १९११ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय श्वान महासंघटना आज साडेतीनशेहून अधिक जातींना मान्यता देते व त्यांची दहा गटांत विभागणी करते.

कामानुसार घडलेली कुळे

पहिले कुळ कळप वळविणाऱ्या कुत्र्यांचे. स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सरहद्दीवरील बॉर्डर कोली हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध. जर्मन शेफर्ड हाही मुळात मेंढपाळाचाच कुत्रा. मॅक्स फॉन स्टेफानित्झ या घोडदळातील माजी अधिकाऱ्याने १८९९ पासून त्याची शिस्तबद्ध पैदास केली आणि पुढे तो लष्कर व पोलीस दलांत शिरला. कळप वळविणे आणि कळपाची राखण करणे ही दोन भिन्न कामे आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वळविणारा कुत्रा चपळ व आज्ञाधारक असावा लागतो. राखणारा कुत्रा दणकट, स्वतंत्र बुद्धीचा आणि लांडग्या-बिबट्यासमोर न डगमगणारा असावा लागतो. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांची कुत्री या दुसऱ्या प्रकारची होत.

दुसरे कुळ शिकारी कुत्र्यांचे. यात पुन्हा दोन पोटभेद आहेत. ग्रेहाउंडसारखे कुत्रे डोळ्यांनी सावज हेरतात व वेगाने गाठतात. त्यांची छाती खोल, कंबर बारीक आणि पाय लांब असतात. बीगल व ब्लडहाउंड हे नाकाने माग काढतात. त्यांचे कान लोंबते आणि चाल दमदार असते. जमिनीतील बिळात शिरून सावज बाहेर काढणारे ते टेरियर. त्यांचे नावच 'भूमी' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. लांब अंगाचा, बुटक्या पायांचा डॅशहुंड हा अनेकांना गमतीचा वाटतो, परंतु त्याच्या जर्मन नावाचा अर्थ बिज्जूचा कुत्रा असा आहे. बिज्जूच्या अरुंद बिळात शिरता यावे म्हणूनच त्याला तशी अंगकाठी मिळाली.

तिसरे कुळ माणसाच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनिसांचे. लॅब्राडॉर हा न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचा साथीदार. थंडगार पाण्यात उडी घेऊन जाळी व मासे ओढून आणणे हे त्याचे पूर्वापार काम. उचललेली वस्तू दाताने न चिरडता मालकाच्या हाती देण्याची सवय त्याच्या रक्तात त्यामुळेच उतरली. डोबरमनची कथा तर कचेरीतील वाचकांना विशेष रुचेल. जर्मनीतील अपोल्डा गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्ल फ्रीड्रिक लुई डोबरमन नावाचा करवसुली करणारा कर्मचारी होता. वसुलीच्या फेरीत आपले रक्षण करील असा धाडसी कुत्रा त्याला हवा होता. त्या गरजेतून त्याने घडविलेली जात आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. आल्प्स पर्वतातील खिंडीतल्या मठाशी जोडलेला सेंट बर्नार्ड, सायबेरियातील घसरगाड्या ओढणारा हस्की ही याच कुळातील अन्य उदाहरणे. अलास्कातील नोम या गावी १९२५ च्या हिवाळ्यात घटसर्पाची साथ आली असता प्रतिविष पोहोचविण्याचे काम याच कुत्र्यांनी केले.

चौथे कुळ केवळ सोबतीसाठी घडलेल्यांचे. चीनमधील राजवाड्यांत वाढलेला पग हा याचा नमुना. त्याच्याकडून राखणीची वा शिकारीची अपेक्षा कोणी कधी केलीच नाही.

दख्खनचे श्वान

भारतातही अशी स्वतःची कुळे आहेत. तमिळनाडूतील राजपाळयम व चिप्पिपाराई, उत्तर प्रदेशातील रामपूर हाउंड आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड ही त्यांतील ठळक नावे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपाळयम, चिप्पिपाराई व मुधोळ हाउंड यांची अधिकृत नोंद केली आहे. टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय श्वान-जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडचा समावेश होता.

मुधोळचा कुत्रा महाराष्ट्राला परका नाही. मुधोळ संस्थानाचे अधिपती घोरपडे हे मराठा घराणे. संस्थानाच्या आश्रयाने ही जात जोपासली गेली आणि तिची जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली गेली. सोलापूर, सांगली, लातूर या भागांत तिचाच जवळचा आप्त असलेला कारवानी कुत्रा आढळतो. व्यापारी तांड्यांबरोबर आला म्हणून कारवानी, असे नावाचे मूळ सांगतात. कानांवर व शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि उघड्या माळावर सशामागे सुटण्याचा वेग ही त्याची लक्षणे. उन्हाळा सोसणारा, अल्प आहारावर राहणारा असा हा प्राणी आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटक राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. मीरत येथील लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्रात २०१६ पासून या जातीची चाचणी घेण्यात आली. ज्या कुत्र्यास एके काळी केवळ शिकारीचा साथी समजत, त्याच्यासाठी नवे काम शोधण्याचा हा प्रयत्न होता.

ठाणे परिसरातील गावठी कुत्रा

परंतु ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात संख्येने सर्वांत अधिक आहे तो गावठी कुत्रा. त्याला जातीचे प्रमाणपत्र नाही, तथापि त्याचा साचा निश्चित आहे. मध्यम चण, आखूड केस, उभे वा किंचित झुकलेले कान, पाठीवर वळलेली शेपूट आणि तांबूस, काळा किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रंग. कोणी निवडून न घडविल्यामुळे त्याला घडविले ते हवामानाने आणि उपासमारीने. जो कोकणच्या पावसात टिकला, जो उरल्यासुरल्या अन्नावर जगला, त्याचीच पिले पुढे राहिली. म्हणून तो चिवट व निरोगी असतो.

त्याला कामही होते. कल्याण व ठाणे तालुक्यांतील गावे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत भातशेतीची गावे होती. खळ्यावरील धान, गवताच्या गंजी, अंगणातील कोंबड्या, गोठ्यातील वासरे यांची राखण हे कुत्र्याचे काम. मुरबाड व शहापूरच्या जंगलपट्टीत आदिवासी बांधवांच्या रानातील वाटचालीत त्याची सोबत असे. पावसाळा संपल्यावर देशावरून घाट उतरून येणारे धनगर आपल्या मेंढरांसोबत कुत्रीही आणीत. भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धान्य द्यायचे आणि रात्री कळपाभोवती कुत्र्यांनी जागे राहायचे, असा तो परस्परांच्या सोयीचा व्यवहार होता.

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजारांवर गेली होती. खाचरांच्या जागी इमारती आल्या. खळे गेले, गोठे गेले, गंजी गेल्या. कुत्रा मात्र जागीच राहिला. त्याचे काम गेले आणि अन्न बदलले. राखणीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या भाकरीची जागा उघड्यावरील कचऱ्याने घेतली. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न म्हणून ज्याची चर्चा होते, त्याचे मूळ या बदलात आहे. हा प्राणी रानातून शहरात आलेला नाही. शहरच त्याच्या गावावर येऊन बसले आहे.

या साखळीत आणखी एक प्राणी आहे. ठाण्याच्या येऊर डोंगररांगा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तेथील बिबट्यांच्या आहारात मोकाट कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रमाण सुमारे ४० टक्के, म्हणजे वर्षाला अंदाजे दीड हजार कुत्री, असे मांडले होते. बिबट्यामुळे परिसरातील श्वानदंशाच्या घटना काही अंशी घटत असाव्यात, असाही त्या संशोधकांचा कयास होता. उलट बाजूही विसरता येत नाही. वस्तीच्या कडेला कचरा साचला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्व येथे बिबट्या एका निवासी इमारतीत शिरला व काही रहिवासी जखमी झाले, ही घटना अनेकांच्या स्मरणात असेल. कचरा वेळेवर उचलणे हा स्वच्छतेइतकाच सुरक्षिततेचाही उपाय आहे.

शासनाच्या सेवेतील श्वान

कुत्र्याच्या अंगच्या गुणांना योग्य शिक्षणाची जोड दिली तर काय साधते, हे पोलीस व बचाव दलांतील श्वानपथकांवरून दिसते. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० ते ३० कोटी असल्याचे मानले जाते. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ मध्ये डोबरमन जातीच्या कुत्र्यांनिशी सुरू झाले. तेव्हा गुन्हेगाराचा माग काढणे हे मुख्य काम होते. पुढे स्फोटके हुडकण्याची निकड आली व शांत स्वभावाचा, गर्दीत न बिथरणारा लॅब्राडॉर अधिक उपयुक्त ठरला. काम बदलले तशी जातही बदलली.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर 'जंजीर' या लॅब्राडॉरने मुंबई व लगतच्या परिसरात तीन टनांहून अधिक आरडीएक्स आणि शेकडो डिटोनेटर शोधून दिले. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा त्याला पोलीस इतमामाने निरोप देण्यात आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हातबाँब शोधणाऱ्या 'सीझर' या श्वानाने निवृत्तीचा काळ विरार येथे घालविला. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीत निवासी इमारत कोसळली त्या वेळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांसोबत श्वानपथकही दाखल झाले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर याच दलाच्या 'ज्युली' या श्वानाने ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा दाखविला.

यातील एकही कुत्रा केवळ जातीच्या बळावर कामाचा झालेला नाही. पिलाची पारख, कित्येक महिन्यांचे शिक्षण, एकच सांभाळकर्ता आणि नियमित सराव यांतून तो तयार झाला. हेच सूत्र घरच्या कुत्र्यालाही लागू आहे.

चुकीची निवड आणि तिचे परिणाम

शहरी मध्यमवर्गात कुत्रा पाळण्याची आवड वाढत गेली. मात्र निवड करताना कामाचा वा हवामानाचा विचार होतोच असे नाही. १९९४ मधील एका लोकप्रिय हिंदी चित्रपटाने पांढरा स्पिट्झ घरोघरी नेला. २००३ च्या सुमारास दूरध्वनी सेवेच्या एका जाहिरातीने पगची मागणी वाढविली. हौस जाहिरातीने ठरते आणि तिची किंमत मुका प्राणी मोजतो.

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जिभेवाटे व श्वासावाटे अंगातील उष्णता बाहेर टाकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीत श्वासमार्ग अरुंद असल्याने एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात त्याची घुसमट होते. हस्कीच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण असते. शून्याखालील तापमानात दिवसाला कित्येक किलोमीटर धावण्यासाठी जन्मलेल्या या प्राण्याला डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या सदनिकेत कोंडले तर तो सामानाची नासधूस करतो, रात्रभर ओरडतो. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि अखेर एखाद्या रात्री त्याला खाडीकाठी किंवा महामार्गावर सोडून दिले जाते. अशा कुत्र्याला रस्त्यावर जगण्याची कला अवगत नसते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० प्रमाणे सबळ कारणाशिवाय प्राण्याला असे टाकून देणे हा गुन्हा आहे.

म्हणून कुत्रा घेण्यापूर्वी काही साधे प्रश्न स्वतःला विचारणे इष्ट होय. घरात जागा किती आहे? दिवसातून दोन वेळा त्याला फिरविण्यास कोणास सवड आहे? आजारपणाचा खर्च झेपेल काय? दहा-बारा वर्षांची ही जबाबदारी निभावेल काय? ज्यांना केवळ सोबत व सावधगिरी हवी आहे, त्यांच्यासाठी गावठी पिलू हा उत्तम पर्याय आहे. या हवेत तो निरोगी राहतो, शिकविल्यास लवकर शिकतो आणि त्याच्यासाठी विकत घेण्याचा खर्चही पडत नाही. पिलू विकतच घ्यावयाचे असल्यास विक्रेता राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेला आहे काय, हे पाहावे. श्वान पैदास व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिले विकता येत नाहीत.

रेबीज : टाळता येणारा मृत्यू

कुत्र्याविषयीचा कोणताही विचार रेबीजचा उल्लेख केल्याविना पूर्ण होत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे त्याने दगावतात व त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतातील असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत रोगाचा प्रसार कुत्र्यांमार्फत होतो. शासकीय नोंदीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून अधिक व महाराष्ट्रात सुमारे ४ लाख ८५ हजार श्वानदंशांची नोंद झाली. बळी पडणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असल्याने शिक्षकांनी पुढील गोष्टी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे.

कुत्रा चावल्यास किंवा त्याच्या नखांनी ओरखडल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटे धुवावी. जखमेवर हळद, चुना, तिखट किंवा अन्य काहीही भरू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र वा शासकीय रुग्णालय गाठावे व डॉक्टरांनी सांगितलेली लसीची प्रत्येक मात्रा ठरल्या दिवशी घ्यावी. जखम खोल असल्यास लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. 'पिलूच तर होते', 'कुत्रा घरचाच आहे', 'थोडेसेच खरचटले' अशा समजुतीने उपचार लांबवू नयेत. मूल भीतीपोटी घरी सांगत नाही आणि त्यातच बहुमोल दिवस निघून जातात. मुलाने सांगितले तर त्याला रागावले जाणार नाही, हा विश्वास घरात आणि वर्गात निर्माण झाला पाहिजे. निजलेल्या, खात असलेल्या किंवा पिलांसह असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये, कुत्रा अंगावर आल्यास धावू नये, स्तब्ध उभे राहावे, हेही मुलांना शिकविले पाहिजे.

रोगाचा मूळ उपाय कुत्र्यांच्या लसीकरणात आहे. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने सातत्याने लसीकरण, शालेय शिक्षण व देखरेख यांच्या आधारे हे साध्य करून दाखविले. २०२१ मध्ये ते देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडाही त्याच वर्षी जाहीर झाला आहे.

कायदा आणि स्थानिक संस्था

कुत्री मारून टाकल्याने प्रश्न सुटत नाही, हा अनुभव जुना आहे. मुंबईत १८३२ साली ब्रिटिश अंमलदारांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम हाती घेतली तेव्हा कुत्र्यास पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने तीव्र विरोध केला आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतरही दीर्घ काळ हत्या होत राहिली, पण संख्या घटली नाही. कारण जेथे अन्न आहे तेथील रिकामी जागा शेजारची कुत्री भरून काढतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजारांच्या आसपास मोकाट कुत्री नोंदली गेली.

आता लागू असलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे कुत्री पकडून त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करणे आणि त्यांना मूळ जागी सोडणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते, ती नागरिकांनी ओळखावी. पाळीव कुत्र्याचे लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी होय. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री पुन्हा सोडू नयेत आणि कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचे निर्देश दिले. शाळांचे मुख्याध्यापक व रुग्णालयांचे प्रमुख यांनी या आदेशांची माहिती ठेवणे आवश्यक आहे.

मार्च २०२४ मध्ये २३ परदेशी जाती 'हिंस्र' ठरवून त्यांच्या पैदाशीवर बंदी घालण्याचे पत्र केंद्राने राज्यांना पाठविले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. जात कोणतीही असो, मालकाच्या निष्काळजीपणामुळे प्राण्यापासून माणसास धोका पोहोचल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे मालक शिक्षेस पात्र ठरतो, हे मात्र प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

ग्रामपंचायतींना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. गावातील पाळीव व मोकाट कुत्र्यांची वर्षातून एकदा गणना करणे, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरणाचा दिवस ठरविणे, तो दिवस दवंडी देऊन व शाळेच्या फलकावर लिहून कळविणे, कोंबडी-मटणाच्या दुकानांतील टाकाऊ भागाची नीट विल्हेवाट लावणे आणि आरोग्य केंद्रात लस उपलब्ध आहे की नाही याची चौकशी करीत राहणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. शहरातील गृहनिर्माण संस्थांनीही खाऊ घालणारे आणि तक्रार करणारे अशी दोन तट न पाडता आपल्या आवारातील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले आहे काय, हे आधी पाहावे.

कुत्र्याची प्रत्येक जात माणसाच्या कुठल्यातरी गरजेतून जन्मली. गरज माणसाची होती आणि निवडही माणसाचीच होती. ती गरज सरल्यावर त्याला रस्त्यावर सोडून देणे आणि मग त्याच्या नावाने तक्रार करणे न्यायाचे नव्हे. ठाणे-कल्याणच्या गावांचे शहर होताना रस्ते, पाणी व वीज यांची आखणी झाली. खळ्यावर रात्र जागविणाऱ्या या जुन्या राखणदाराची तरतूद तेव्हा राहून गेली. ती आता लस, शस्त्रक्रिया व स्वच्छता यांच्या रूपाने करावयाची आहे. तसे झाले तर शाळेत जाणारे मूल आणि टपरीशेजारी पहुडलेला कुत्रा हे दोघेही त्याच रस्त्यावर निर्धास्त राहू शकतील.